रोमन घरांच्या जमिनीवरचा समुद्र

नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात पॉम्पेईहून आणलेले एक चौकोनी चित्र आहे. काळसर पाण्यात मधोमध ऑक्टोपसने शेवंडीला विळखा घातला आहे, शेजारी वामेसारखा लांबट मुरेना मासा आहे, आणि भोवती कोळंबी, माकूल, ठिपकेदार मुशी व तांबूस मुलेट मासे असे रेखले आहेत की मत्स्यशास्त्रज्ञांना त्यांच्या जाती सहज ओळखता येतात. हे चित्र रंगवलेले नसून काही मिलिमीटरच्या दगडी व काचेच्या खड्यांनी जडवलेले आहे. इ.स.पू. 100 च्या सुमारास ते पॉम्पेईतील ‘हाउस ऑफ द फॉन’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुमारे 3000 चौरस मीटरच्या प्रशस्त घरात, भोजनकक्षाच्या जमिनीत बसवलेले होते.

आपल्याकडे मोझेइक म्हटले की जुन्या इमारतींतील ठिपक्याठिपक्यांच्या फरश्या डोळ्यांसमोर येतात. येथे अभिप्रेत असलेली कला वेगळी असून परिभाषेत तिला कुट्टिमचित्रण म्हणतात. ती रोमनांनी ग्रीकांकडून घेतली. उत्तर ग्रीसमधील ऑलिंथस येथे इ.स.पू. चौथ्या शतकातच नैसर्गिक गोट्यांच्या जमिनीवर समुद्रप्राण्यांवर आरूढ झालेल्या जलदेवता आढळतात, तर ग्रीसच्याच डेलॉस बेटावरील एका घराच्या अंगणात डॉल्फिनच्या जोड्या असून त्या जमिनीवर कारागिराने आपले नावही जडवून ठेवले आहे. रोमनांकडे ही कला आली तेव्हा गोट्यांची जागा घडवलेल्या चौकोनी खड्यांनी घेतली होती. बारीक कामाचे मधले चित्र कार्यशाळेत दगडी किंवा भाजक्या मातीच्या ताटात पूर्ण करून मग जागेवर आणून बसवीत. त्याखालची जमीन कशी करावी, हे वास्तुविशारद विट्रुव्हियसने सविस्तर सांगितले आहे : आधी मोठे दगड, त्यावर खडी व चुना, आणि शेवटी तीन भाग कौलांचा चुरा व एक भाग चुना यांचा थर.

जेवणाच्या खोलीत मासेच का, याचे उत्तर त्या काळच्या श्रीमंतीत सापडते. इ.स.पू. पहिल्या शतकात नेपल्सच्या उपसागराकाठी धनिकांनी आपल्या हवेल्यांना खाऱ्या पाण्याची मत्स्यतळी जोडली होती, आणि रोमन वक्ता सिसेरो अशा मंडळींना ‘तळेवाले’ म्हणून हिणवीत असे. त्याचाच प्रतिस्पर्धी वक्ता हॉर्टेन्सियस याने आपला लाडका मुरेना मेल्यावर अश्रू ढाळले, आणि त्याच्याच हवेलीत पुढे ड्रूससची पत्नी अँटोनिया हिने आपल्या आवडत्या मुरेनाला कर्णभूषणे घातली, असे रोमन निसर्गलेखक प्लिनी सांगतो. सम्राट कॅलिग्युलाच्या काळात एका माजी कॉन्सुलने (रोमच्या सर्वोच्च पदाधिकाऱ्याने) एका मुलेटसाठी 8000 सेस्टर्स (रोमन नाणी) मोजल्याचे प्लिनीनेच नोंदवले आहे. असा मासा ताटात वाढणे आणि त्याचे चित्र पाहुण्यांच्या पायांखाली पसरणे, हा एकाच वैभवाचा दोन ठिकाणी मांडलेला पुरावा होता, असे मला वाटते. त्यातही मुरेना, ऑक्टोपस आणि शेवंड या तिघांची निवड जाणत्या यजमानाची आहे. त्यांचे परस्परवैर ॲरिस्टॉटलपासून विद्वानांना ठाऊक होते, आणि पुढे ऑपियन या ग्रीक कवीने ते चक्रासारखे मांडले : मुरेना ऑक्टोपसला हरवतो, ऑक्टोपस शेवंडीला आणि शेवंड मुरेनाला. म्हणजे जेवता जेवता बोलायला विषय तयारच! याच दृश्याचे दुसरे चित्र पॉम्पेईतीलच आणखी एका घरात सापडले असल्याने दोहोंमागे एखादा प्रसिद्ध ग्रीक नमुना असावा, असे अभ्यासक मानतात.

पुढे इटलीत हा नाजूकपणा मागे पडला. पांढऱ्या जमिनीवर काळ्या खड्यांनी केलेली मोठी चित्रे स्वस्त पडत, लवकर होत आणि दुरूनही उठून दिसत. ऑस्टिया बंदरातील इ.स. 139 च्या सुमाराच्या स्नानगृहात चार जलाश्वांच्या (माशाची शेपटी असलेल्या घोड्यांच्या) रथासह समुद्रदेव नेपच्यून आहे, तो याच पद्धतीचा. (नेपच्यूनचा ग्रीक अवतार पोसायडन आपल्याही परिचयाचा आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर त्याची छोटी कांस्यमूर्ती सापडली. व्यापाराच्या वाटेने ती येथवर आली.)

रंगीत समुद्र मात्र उत्तर आफ्रिकेत बहरला. आजच्या ट्युनिशियातील सूस, युटिका आणि इतर नगरांतील घरांमध्ये अंगणातील हौदांचे तळच माशांच्या चित्रांनी जडवलेले असत. हौद भरला की पाणी हलेल तसे मासेही हलल्यासारखे दिसत. ट्युनिसच्या बार्डो संग्रहालयातील अशा जमिनी पाहताना जाणवते की येथे जातीच्या अचूकतेपेक्षा विपुलतेला महत्त्व आहे. मासा येथे भरभराटीचे आणि दृष्ट टाळण्याचे चिन्ह झाला होता. खेकड्याचे पाय डोक्यावर शिंगांसारखे धारण केलेला दाढीवाला सागरदेव ओशनसही त्याच हेतूने वारंवार येतो. चौथ्या शतकात उत्तर इटलीतील अक्विलिया येथील ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या जमिनीवर बायबलमधील, माशाने गिळलेल्या योनाची कथा अशाच मासेभरल्या समुद्रात मांडली गेली. विषय बदलला, पण मासे जुन्याच वळणाचे राहिले.

इस्रायलमधील लोद येथे 1996 मध्ये रस्त्याच्या कामात सापडलेली इ.स. 300 च्या सुमाराची जमीन या परंपरेतील उत्तम नमुन्यांपैकी एक आहे. तिच्या एका भागात व्यापारी गलबतांभोवती मासे दाटले आहेत. माणूस मात्र कोठेही नाही. 2009 मध्ये ती जतनासाठी उचलली, तेव्हा खालच्या चुन्याच्या थरात कारागिरांच्या अनवाणी आणि चपलांच्या पावलांचे ठसे उमटलेले आढळले.