होमरन आणि संघाचे यश (बेसबॉल)

मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या फाउल रेषांच्या आत राहून हवेतूनच कुंपणापलीकडे गेलेल्या फटक्याला होमरन म्हणतात. त्यावर बॅटर (फलंदाज) आणि बेसवर, म्हणजे धावमार्गावरील टप्प्यांवर, उभे असलेले सर्व धावक निर्धोकपणे धाव पूर्ण करतात. धावकांच्या संख्येनुसार एका होमरनच्या एक ते चार धावा होतात, आणि सरासरीने त्याचे मोल सुमारे १.४ धावा धरले जाते. म्हणून होमरनची ताकद आणि विजय यांचे नाते खरे आहे. मात्र ते धावांच्या मार्फत आहे, थेट नाही.

बेब रूथने १९२० साली न्यूयॉर्क यांकीजकडून ५४ होमरन मारले. अमेरिकन लीगमधील (मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या दोन विभागांपैकी एक) इतर कोणत्याही अख्ख्या संघाला तेवढे जमले नव्हते, तरीही यांकीज तिसऱ्या स्थानावर राहिले. १९२७ मध्ये याच संघाने १५८ होमरनसह ११० सामने व वर्ल्ड सिरीज (दोन लीगच्या विजेत्यांमधील अंतिम मालिका) जिंकली. याउलट शिकागो व्हाइट सॉक्सने १९०६ च्या संपूर्ण हंगामात केवळ ७ होमरन मारूनही विजेतेपद मिळवले.

दीर्घ हंगामात ही ताकद सहसा फळते. ३०७ होमरनचा विक्रम करणाऱ्या मिनेसोटा ट्विन्सने २०१९ मध्ये १०१ सामने जिंकले, तर २०२३ मध्ये त्याची बरोबरी करणाऱ्या अटलांटा ब्रेव्ह्जने १०४. दोन्ही संघ बाद फेरीच्या पहिल्याच मालिकेत हरले, एवढ्यावरून होमरन तेथे निकामी ठरतो असे म्हणणे मात्र घाईचे होईल. ट्विन्सना हरवणाऱ्या यांकीजचे त्या हंगामातील होमरन ३०६ होते. आणि चार सामन्यांत अवघ्या ८ धावा करू शकलेल्या ब्रेव्ह्जविरुद्ध फिलाडेल्फिया फिलीजने एकाच सामन्यात ६ होमरन मारले.

होमरनची ताकद विजय मिळवून देते का, या प्रश्नाची सर्वांत बोलकी कसोटी १९८२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये लागली. मिलवॉकी ब्रूअर्सचे २१६ होमरन मेजर लीगमध्ये सर्वाधिक होते, तर सेंट लुइस कार्डिनल्सचे ६७ सर्वांत कमी. पण कार्डिनल्सने २०० बेस चोरले होते (फटका नसतानाच धावून पुढचा बेस गाठला होता) आणि त्यांचे क्षेत्ररक्षणही चोख होते. सातव्या सामन्यात ब्रूअर्स ३-१ ने पुढे असताना सहाव्या डावात कीथ हर्नांडेझच्या एकेरी फटक्यावर दोन धावक घरी आले, पाठोपाठ जॉर्ज हेंड्रिकच्या एकेरी फटक्याने आघाडी मिळाली, आणि कार्डिनल्सने एकही होमरन न मारता तो सामना ६-३ असा जिंकला. शेवटचा बळी होता त्या हंगामात ३९ होमरन मारणारा गॉर्मन थॉमस. कार्डिनल्सचा पिचर (चेंडू टाकणारा) ब्रूस सटरने त्याला स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले.

पिचरांनी प्रतिस्पर्ध्यांना मारू दिलेल्या होमरनचा हिशेबही तितकाच महत्त्वाचा आहे, आणि चर्चेत तो नेमका सुटतो. २०१९ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सच्या पिचरांनी विक्रमी ३०५ होमरन दिले व संघ १०८ सामने हरला. एकट्या फलंदाजाची ताकद तर संघाला फार दूर नेत नाही: बॅरी बॉन्ड्सने २००१ मध्ये विक्रमी ७३ होमरन मारले, तरी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सना बाद फेरी गाठता आली नाही, आणि कारकिर्दीत ५१२ होमरन मारणारा शिकागो कब्जचा एर्नी बँक्स बाद फेरीचा एकही सामना खेळला नाही.