वाचून दाखवल्याने मूल आळशी होते का?

‘मूल स्वतः वाचू लागले की त्याला वाचून दाखवणे बंद करावे, नाहीतर ते आळशी होते,’ असा सल्ला पालकांमध्ये वर्षानुवर्षे फिरत आला आहे. त्यामागची स्वावलंबनाची काळजी रास्त आहे; निष्कर्ष मात्र बरोबर नाही.

वाचताना दोन कामे एकाच वेळी चालतात: अक्षरे जुळवून शब्द ओळखणे आणि वाक्याचा अर्थ लावणे. नवशिक्या वाचकाची बहुतेक शक्ती पहिल्याच कामात खर्च होते, म्हणून एखाद्या जोडाक्षरापाशी अडखळलेले मूल ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत तिची सुरुवात विसरून गेलेले असते. तेच मूल ऐकताना याहून कितीतरी अवघड गोष्ट समजू शकते आणि हे अंतर शाळेची पहिली काही वर्षे तरी टिकून राहते. वाचून दाखवणे थांबले, तर रोजच्या बोलण्यात क्वचित येणारे शब्द आणि लांब वाक्ये त्याच्या कानावर पडतच नाहीत. उरतात ती दोन-दोन ओळींची पुस्तके, ज्यांचा कंटाळा येणे स्वाभाविक आहे.

याचा पडताळा घरीच घेता येतो. थोड्या अवघड पुस्तकातला एक परिच्छेद मुलाला वाचून दाखवावा आणि काय घडले ते विचारावे. नंतर तितकाच अवघड दुसरा परिच्छेद त्याला स्वतः वाचू देऊन तेच विचारावे. उत्तरांतली तफावत सहसा लगेच जाणवते. (ही परीक्षा आहे असे मुलाला मुळीच वाटू देऊ नये.) स्वतःचे वाचनही अर्थातच हवे, कारण शब्द ओळखण्याचा वेग सरावानेच वाढतो, एक पान पालकाने आणि एक मुलाने, अशी वाटणी केली तरी दोन्ही गोष्टी साधतात.