रूकी वॉल: डिसेंबरात नवा क्वार्टरबॅक का गळपटतो

NFL मध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, दरवर्षी डिसेंबर लागला की 'रूकी वॉल' हा शब्द बाहेर पडतोच (रूकी म्हणजे पहिल्याच सीझनचा खेळाडू). ऑक्टोबरात ज्या नव्या क्वार्टरबॅकचं (पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूचं) कौतुक करून लोकांची तोंडं दुखली तोच पोरगा दोन मॅचमध्ये चार इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास) टाकतो आणि मग सगळे एका सुरात, रूकी वॉल लागली. नव्याचे नऊ दिवस संपले, इतकंच म्हणायचं असतं खरं तर, पण 'वॉल' म्हटलं की काहीतरी कारण सांगितल्यासारखं वाटतं.

पूर्वी ही भानगड फारशी नव्हती, कारण रूकीला बाकावर बसवायची पद्धत होती आणि खेळवलाच तर सुरुवात काय नि शेवट काय, बहुतेक वेळा अख्खा सीझनच वाईट जायचा. 1970 ला पिट्सबर्गने ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पहिल्या नंबरवर घेतलेल्या क्वार्टरबॅकने 6 टचडाऊन (गोल रेषेपलीकडे पोचून गुण देणारे पास) आणि 24 इंटरसेप्शन टाकले, 1998 ला इंडियानापोलिसच्या रूकीने 28 इंटरसेप्शन. दोघंही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले, ते सोडा. आधी भारी आणि मग घसरण, असं ठळक दिसलं ते 2004 ला, परत पिट्सबर्गच. त्यांचा रूकी रेग्युलर सीझनला स्टार्टर म्हणून 13 पैकी 13 जिंकला आणि प्लेऑफच्या दोन मॅचमध्ये पाच इंटरसेप्शन.

मग लीग आणि खेळाडूंच्या युनियनमधला 2011 चा करार आला. त्याच्या आदल्या वर्षी पहिल्या नंबरच्या क्वार्टरबॅकला 5 कोटी डॉलरची गॅरंटी मिळाली होती, करारानंतरच्या पहिल्या नंबरला चार वर्षांचे मिळून साधारण 2 कोटी 20 लाख. म्हणजे रूकी स्वस्त झाला, आणि स्वस्त आहे तोवर खेळवून घ्या हा हिशोब आला. त्याच करारात सीझनभरात पॅड घालून करायच्या प्रॅक्टिसवर 14 ची मर्यादा पण आली. म्हणजे पोरं लवकर मैदानात आणि तयारीला वेळ कमी, याबद्दल कोणी फार बोलत नाही.

आता 2021 चं न्यू इंग्लंड. मला हाच सीझन सगळ्यात जास्त आठवतो आणि वॉलवाले पण हाच दाखला देतात. 15 व्या नंबरवर घेतलेला पोरगा, सलग सात मॅच जिंकून टीम 9-4 वर (9 विजय, 4 पराभव). कॉलेजच्या शेवटच्या सीझनला तो बरोब्बर 13 मॅच खेळला होता, आणि इथेही 13 झाल्या आणि 14 व्या मॅचपासून पडझड सुरू. त्यात सीझन 17 मॅचचा झाला तो याच वर्षी. कॉलेजची फायनल 11 जानेवारीला, मग लगेच ऑल-स्टार गेमची प्रॅक्टिस, स्काऊट्ससमोर थ्रो करून दाखवणं, एप्रिलअखेर ड्राफ्ट, जुलैपासून कॅम्प, म्हणजे पोराला दम खायलाच मिळाला नाही, थकला. ऐकायला एकदम पटतं.

पण जरा तारखा बघा. 13 वी मॅच 6 डिसेंबरला बफेलोत, सोमवारी रात्री (आपल्याकडे मंगळवारी सकाळी पावणेसात, चहा घेत बघण्यासारखी). वारा असा की किकर वॉर्म-अपला मारत होते तो बॉल हवेतच वळत होता. कोचने अख्ख्या मॅचमध्ये त्याला तीन पास टाकायला दिले. तीन! दोन पूर्ण, 19 यार्ड. बाकी 46 वेळा पास न टाकता बॉल घेऊन नुसतं पळवलं आणि 14-10 ने जिंकले. त्या रात्री सगळे कोचच्या हुशारीवर फिदा होते. पोराला वाचवलं की पोरावर भरवसा नव्हता, यावर नंतर भरपूर वाद झाला. माझ्या मते वाऱ्यामुळेच केलं, पण समोरच्यांना 'याच्यावर भार टाकायला कोच तयार नाही' असं वाटायला मोकळीक मिळाली हे नक्की.

त्यानंतर बाय वीक (मॅच नसलेला आठवडा). म्हणजे तीन पास टाकून 12 दिवस विश्रांती, आणि ताजातवाना होऊन इंडियानापोलिसला गेला तर हाफटाइमला 17-0 मागे, दोन इंटरसेप्शन. थकला म्हणता तर मग हा आराम कुठे गेला? थंडीचं कारण द्यावं तर ते स्टेडियम छताखालचं. पुढे बफेलो घरी आलं, 32 पैकी 14 पूर्ण, दोन इंटरसेप्शन. मग जॅक्सनव्हिल, 50-10, तीन टचडाऊन, आठवडाभर वॉल गायब, कारण समोर लीगमधली सगळ्यात खराब टीम. मग मायामीच्या उबेत सुरुवातीलाच पिक-सिक्स (इंटरसेप्शन घेऊन समोरच्यांनी थेट टचडाऊन केला). प्लेऑफला परत बफेलो, उणे 14 डिग्री, 47-17.

जुळतंय ते एकच. बफेलोने त्याला सहा आठवड्यांत तीनदा पाहिला, आणि मायामीशी तर सीझनची पहिलीच मॅच झाली होती. सप्टेंबरात समोरच्या कोचकडे कॉलेजचं फिल्म (मॅचचं चित्रण) असतं, डिसेंबरात प्रोचे तीनेकशे-चारशे थ्रो. आयपीएलमध्ये मिस्टरी स्पिनरचं जे होतं तेच. याची पहिली नजर कुठे जाते, दबाव आला की कुठल्या बाजूला सरकतो, सगळं कळतं, मग मधला छोटा पास बंद करायचा आणि स्नॅपनंतर (बॉल खेळात आल्यावर) कव्हरेज (पास अडवायची मांडणी) बदलायचं. त्यात टीम आधीच मागे पडली की रनिंग गेम संपला आणि प्ले-ॲक्शनला (पळायचं सोंग करून टाकलेल्या पासला) कोणी भुलत नाही. याचा सगळा खेळ त्या दोन गोष्टींवरच उभा होता.

शरीराचा भाग नसतोच असं नाही, 17 आठवडे मार खाल्लेला खांदा डिसेंबरात दुखणारच. माझा आक्षेप शब्दावर आहे. वॉल म्हटलं की पलीकडे मोकळं मैदान आहे, ऑफ-सीझनला झोप काढली की होईल ठीक, असं गृहीत धरलं जातं. फिल्मला असं पलीकडे काही नसतं, नवीन उत्तरं शोधावी लागतात आणि ती कोचने पण शोधायची असतात.

न्यू इंग्लंडमध्ये नेमकं त्याच ऑफ-सीझनला ऑफेन्स सांभाळणारा कोच दुसरीकडे हेड कोच म्हणून गेला आणि प्ले सांगायचं काम दिलं ज्याची कारकीर्द बहुतेक डिफेन्समध्ये गेली अशा माणसाला. 2022 ला पोराचे टचडाऊन 22 वरून 14 वर आले, 2024 ला त्याला जॅक्सनव्हिलला देऊन टाकला.