जुन्या लग्ननोंदींतील आडनावे (सातारा–सांगली)

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील घराण्यांची वंशावळ लावताना लग्नाच्या याद्या, आहेराच्या वह्या, उपाध्यांच्या चोपड्या आणि वंशावळी सांगत सीमाभागात फिरणाऱ्या हेळव्यांची दप्तरे यांत सापडणाऱ्या आडनावांचा उलगडा. विवाहनोंदणीचा कायदा मुंबई राज्यात १९५३ साली आला. त्याआधीच्या बहुतेक लग्नांचा सरकारी दाखला मिळत नाही, म्हणून भिस्त या घरगुती कागदांवर.

पहिली अडचण मोडीची. शिरोरेघ आधी ओढून त्याखाली अक्षरे सलग लिहिलेली, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, अनुस्वार बहुधा गाळलेला. ‘सिदे’ म्हणजे शिंदे, ‘जादव’ म्हणजे जाधव, ‘चवाण’ म्हणजे चव्हाण. ही वेगळी कुळे नव्हेत. अक्षरापुढच्या दोन उभ्या रेघा संक्षेपाच्या (मौ।। म्हणजे मौजे, प्रा।। म्हणजे प्रांत), तर आकड्यापुढे त्याच रेघा अर्ध्याच्या: १।। म्हणजे दीड रुपया.

नमुन्यादाखल अशी ओळ घ्या: ‘सगुणी कोम बहिर्जी जादव मोकदम मौजे मजकूर’. कोम म्हणजे अमक्याची बायको, तर बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. मोकदम हा पाटलाचा हुद्दा आणि ‘मौजे मजकूर’ म्हणजे वर उल्लेख आलेले तेच गाव. आडनाव फक्त जादव. नवखा वाचक शेवटचा शब्द आडनाव धरतो आणि वंशावळीत ‘मजकूर’ नावाचे घराणे उभे राहते.

खरा गोंधळ हुद्द्यांचा. पाटील, कुलकर्णी, देशमुख, चौगुले ही आधी कामे होती, मग आडनावे झाली. एखाद्या गावात जाधवांची पाटीलकी असेल तर वतनाच्या कागदात ‘पाटील’ आणि सोयरिकीच्या कागदात ‘जाधव’ असे एकाच माणसाचे दोन उल्लेख मिळतात. कुलकर्णी वतन १९५१ साली आणि पाटीलकी १९६३ साली संपली, पण आडनावे राहिली. गावावरूनही आडनाव बदलते: जतचे डफळे मूळचे चव्हाण, डफळापूर गावावरून डफळे झाले. ‘कर’ लावलेल्या आडनावाने बहुधा सोडलेले गाव कळते, कुळ नव्हे. कऱ्हाडात राहणाऱ्याला कऱ्हाडकर म्हणण्याची गरज कुणाला पडणार? जत, मिरजेच्या पूर्वेकडील गावांत हिरेमठ, बिरादार अशी कानडी वळणाची आडनावे येतात. ती मोडीत उतरवताना लिहिणारा कानाला लागेल तसे लिहितो, म्हणून एकच आडनाव दोन वह्यांत दोन तऱ्हेने दिसते.

स्त्रीचे आडनाव सर्वांत निसटते. माहेरचे, सासरचे आणि पाट (पुनर्विवाह) लागला असेल तर पहिल्या नवऱ्याचे, अशी तीन आडनावे एकाच बाईची निघतात. ‘पाट’, ‘मोहतूर’ किंवा पेशवाईतल्या हिशेबात ‘पाटदाम’ (पाटावरचा कर) हा शब्द दिसला की पहिला भ्रतार शोधायचा. दत्तक असेल तर पुरुषाचेही आडनाव बदलते.

आडनाव जुळले म्हणून नाते जोडू नये. गाव, देवक आणि कुलदैवत ही तिन्ही ताडून पाहावीत. एका आडनावाच्या दोन घरांचे देवक वेगळे असेल, एकाचे कुलदैवत पालीचा खंडोबा आणि दुसऱ्याचे म्हसवडचा सिद्धनाथ असेल, तर ती स्वतंत्र घराणी धरणे बरे. गावाचा जिल्हाही तपासावा: तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा पूर्वी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. आटपाडी औंध संस्थानात होती, तर मिरज, सांगली, जत ही स्वतंत्र संस्थाने. दप्तर कोणत्या तहसिलात गेले असेल ते यावरून ठरते. तहसिलातील गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, बापाचे नाव पडताळायला कामी येते.

यादीपेक्षा आहेराची वही जास्त बोलकी असते. यादीत नवरा-नवरीच्या बापांची नावे. वहीत मात्र मामा, आत्या, साडू, मानकरी असे सगळे गावासकट ओळीने येतात. नवरीच्या मामाचे आडनाव मिळाले की तिच्या आईचे माहेर कळते, आणि आणखी एक पिढी मागे जाता येते.