मुंगन्यापुढचा भुंगा आणि बाप नसलेलं पोर

फागुनात मुंगना म्हणजे शेवगा फुलला की आमच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, भुंगे सुरू होतात. यंदा शेजारच्या काकू रॉकेलची बाटली घेऊनच आल्या. "भाऊ, हा पिवळा भुंगा अंगावरच येते, डसला तं माणूस वाचत नाही, मोबाईलवर आलं हाय." म्हणून हे लिहायला बसलो, कारण ज्याला त्या मारायला निघाल्या होत्या त्याला नांगीच नसते.

हा सुतार भुंगा, शास्त्रीय नाव झायलोकोपा. बंबलबी नावाच्या गुबगुबीत, केसाळ माशीलाही आपण भुंगाच म्हणतो, पण ती थंड मुलखातली, भारतात हिमालयाकडं राहते, इकडच्या उन्हात नाही. आमच्याकडच्या जातीत मादी काळी कुळकुळीत आणि छातीवर पिवळी लव, नर मात्र अख्खा पिवळसर, त्यामुळं लोकांना हे दोन वेगळे किडे वाटतात. नांगी म्हणजे अंडी घालायच्या नळीचंच बदललेलं रूप, मग नराला ती येणार कुठून? मादीला असते, पण धरली-दाबली नाही तर ती सहसा डसत नाही.

मग अंगावर का येतो? मी चार सकाळी खाट टाकून बघत बसलो. नर मुंगन्यापुढं डोक्याएवढ्या उंचीवर हवेत एका जागी थांबतो आणि हद्दीतून जे जाईल त्याच्यामागं सुटतो, फुलपाखरू असो, चिमणी असो, दुसरा नर असो. मी तुरीच्या दाण्याएवढा खडा वर फेकला तर खड्यामागंही गेला अन् परत येऊन त्याच जागी उभा. ही मादी आहे का, एवढंच त्याला बघायचं असतं, आपलं डोकंही त्यात आलंच. चौथ्या दिवशी खरंच मादी आली, याने मागून गाठून तिच्या पाठीवर पकड घेतली, दोघं भेलकांडत तुळशीमागं गेले आणि थोड्या वेळानं ती एकटीच उडाली. हा परत मुंगन्यापुढं हजर! मधमाशीचा नर मिलनानंतर तिथंच मरतो, याचं तसं नाही.

खरी गंमत पुढं आहे. नराचे शुक्राणू मादी पोटातल्या छोट्या पिशवीत साठवून ठेवते. अंडं बाहेर येताना पिशवीतून शुक्राणू सोडले तर मुलगी, नाही सोडले तर मुलगा. म्हणजे मुलाला बापच नाही, पण आईच्या बाजूनं आजोबा आहे. मधमाशीतली ही गोष्ट झिर्झोन नावाच्या पोलिश पाद्र्यानं १८४५ सालीच मांडली होती. मग शरीराला कळतं कसं की मी नर? मधमाशीत हे ठरवणारा जीन, म्हणजे जनुक, २००३ मध्ये सापडला. या जीनचे बरेच प्रकार असतात, अंड्यात दोन वेगळे प्रकार आले तर मादी, बाप नसल्यानं आईकडची एकच प्रत असली तर नर, आणि जवळच्या नात्यात मिलन होऊन दोन्ही प्रती सारख्याच आल्या तर फलित अंड्यातूनही नरच निघतो, म्हणजे जिथं मादी व्हायची तिथं घर बांधणारी, अंडी घालणारी एक कमी झाली. म्हणून गावातले भुंगे मारून दोन-चारच उरले तर त्यांची पुढची पिढी आतूनच पोखरली जाऊ शकते.

भुंगा घरात शिरला की कोणी म्हणतं पितर आले, कोणी म्हणतं करणी केली. तसलं काही नसतं, मादीला पोखरायला वाळलेलं लाकूड पाहिजे असतं. एकेका खोलीत परागाचा गोळा, त्यावर एक अंडं, मग भुशाची भिंत, असं ती एकटीच करते. आणि तुरीचं मिटलेलं फूल दाबून उघडायला असाच वजनदार किडा लागतो, हे मी काकूंना त्यांच्याच वावरात नेऊन दाखवणार आहे, तूर फुलू द्या.

काल दोडक्याच्या मांडवाखाली पिवळा भुसा सांडलेला दिसला. वर बांबूला बोट जाईल एवढं गोल भोक आणि आतून कुरकुर आवाज. शेजारच्या भोकात काकूंनी मागच्या वर्षी चिंधी कोंबली होती, ती त्यांनी स्वतःच ओढून काढली.