‘हे खरे आहे काय?’ : विरोधी सदस्याच्या प्रश्नामागचा इतिहास

१६ फेब्रुवारी १८९३ रोजी गव्हर्नर जनरलच्या विधिमंडळात अवधमधील भिंग्याच्या महाराजांनी एक प्रश्न विचारला. सरकारी अंमलदार दौऱ्यावर निघाले की त्यांच्या छावणीला रसद पुरवण्याचे काम वाटेतल्या गावांवर पडे, आणि त्यात गावच्या दुकानदारांचे जे हाल होत त्यांकडे या प्रश्नाने सरकारचे लक्ष वेधले होते. भारतातील कायदेमंडळात विचारला गेलेला हा पहिला प्रश्न मानला जातो. त्या मंडळात विरोधी बाके नव्हती आणि महाराज काही विरोधी नेते नव्हते. तरीही पहिला प्रश्न तिजोरीचा किंवा सरहद्दीचा निघाला नाही, किराणा विकणाऱ्याच्या गाऱ्हाण्याचा निघाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

हा अधिकार मागणारा ठराव त्याच्या सुमारे सात वर्षे आधी मुंबईत झाला होता. डिसेंबर १८८५ मध्ये गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनात काशिनाथ त्रिंबक तेलंगांनी मांडलेल्या ठरावात कायदेमंडळांचा विस्तार करावा आणि सभासदांना कारभाराच्या सर्व शाखांविषयी सरकारला प्रश्न विचारता यावेत, अशी मागणी होती. १८६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या मंडळांत सभासदांनी समोर आलेल्या विधेयकावर बोलावे, त्यापलीकडे जाऊ नये, अशी तजवीज होती. १८९२ च्या कायद्याने अर्थसंकल्पावर चर्चा करण्याची आणि प्रश्न विचारण्याची मुभा दिली, मात्र उत्तर समाधानकारक नसले तरी त्यावर पुढे काही विचारता येत नसे. योगायोग असा की त्याच वर्षी मुंबईचे दादाभाई नौरोजी ब्रिटिश कॉमन्स सभेवर निवडून गेले. लंडनमध्ये बसून हिंदुस्थानच्या कारभाराबद्दल जे विचारता येत होते, ते कलकत्त्यात विचारता येत नव्हते.

पूरक प्रश्नाचा हक्क १९०९ च्या सुधारणांनी दिला, पण तो मूळ प्रश्नकर्त्यापुरताच होता. १९१९ च्या सुधारणांनंतर तो सर्व सभासदांना मिळाला. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या बदलानेच प्रश्नाला धार आली, असे माझे मत आहे. छापील उत्तर खात्यातला कारकून तयार करतो आणि सचिव तपासतो. पूरक प्रश्नाचे उत्तर मात्र मंत्र्याला उभ्या उभ्या द्यावे लागते, आणि खात्याची फाइल त्याने खरोखर वाचली आहे की नाही हे तिथे उघडे पडते.

आजच्या लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर व पूरक प्रश्नांची संधी मिळते, तर अतारांकित प्रश्नाचे उत्तर फक्त लेखी असते. प्रश्न किमान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, मंत्रालयांचे वार ठरलेले असतात आणि कोणाचा प्रश्न यादीत कितवा लागणार हे सोडतीने ठरते. रोजच्या प्रश्नोत्तराच्या तासात वीसपैकी चार-पाच प्रश्नच प्रत्यक्ष चर्चेला येतात, त्यामुळे सोडतीत अकरावा क्रमांक लागलेल्या सदस्याचा तारांकित प्रश्नही बहुधा लेखी उत्तरावरच भागतो. प्रश्न कसा असावा याचे नियमही बारकाईने घातलेले आहेत : तो दीडशे शब्दांपेक्षा मोठा नसावा, त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, आरोप किंवा विशेषणे नसावीत आणि मंत्र्याचे मत विचारू नये. भाषणात जे काही चालते ते जवळजवळ सगळे प्रश्नातून गाळावे लागते. चांगला वक्ता चांगला प्रश्नकर्ता असतोच असे नाही, याचे कारण हे आहे.

प्रश्नाने मंत्री घरी जाऊ शकतो, हे पहिल्यांदा ठळकपणे दिसले ते १९५७ मध्ये. नुकत्याच राष्ट्रीयीकरण झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंद्रा या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग विकत घेतले होते. त्याविषयीच्या प्रश्नांना अर्थखात्याकडून मोघम उत्तरे आली आणि त्या मोघमपणामुळेच संशय वाढला. फिरोज गांधींनी डिसेंबरमध्ये सभागृहात सगळा व्यवहार मांडला, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचे सदस्य होते. म्हणजे हे हत्यार एकट्या विरोधकांचे नाही. फरक इतकाच की सत्ताधारी सदस्याला मंत्र्याच्या दालनात जाऊन विचारता येते, आणि विरोधी सदस्यासाठी ते दार बहुधा बंद असते.

महाराष्ट्र विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना तेथील प्रश्नाचा साचा पाठ असतो. ‘(१) अमुक तालुक्यात अमुक घडले, हे खरे आहे काय; (२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय; (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली; (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ या साच्याची थट्टा पुष्कळ होते, पण तो विचारपूर्वक बांधलेला आहे. पहिल्या भागात शासनाला वस्तुस्थिती मान्य किंवा अमान्य करावी लागते, आणि शेवटच्या भागाने ‘अद्याप काही केले नाही’ हे उत्तरही फुकट जाऊ दिले जात नाही. शासनाची उत्तरेही साच्यातलीच असतात. ‘हे खरे आहे’ क्वचित येते, ‘हे खरे नाही’ पुष्कळदा येते, ‘अंशतः खरे आहे’ या उत्तरात खरी बातमी दडलेली असते, आणि पहिलाच भाग नाकारला की पुढच्या सर्व भागांसमोर ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे छापून काम संपते. म्हणून अनुभवी सदस्य पहिल्या भागात नाकारता येणार नाही इतकेच लिहितात : गाव, दिनांक, शक्य असल्यास शासनाच्याच एखाद्या पत्राचा उल्लेख. ‘माहिती घेण्याचे काम चालू आहे’ असे उत्तर आले किंवा मंत्र्याने सभागृहात काही कबूल केले, तर ते आश्वासन ठरते आणि त्याचा पाठपुरावा आश्वासन समितीकडे जातो. लोकसभेत अशी समिती डिसेंबर १९५३ पासून आहे.

हा हक्क पक्षाचा नाही, सदस्याचा आहे. २०१४ ते २०२४ या काळात लोकसभेत अधिकृत विरोधी पक्षनेता नव्हता, आणि नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ पैकी, या पदासाठी संकेताने लागणाऱ्या एक दशांश, म्हणजे २९ जागा, एकाही विरोधी पक्षाला मिळाल्या नाहीत. पद संख्येवर अवलंबून राहते, प्रश्न राहत नाही. एकटा निवडून आलेला सदस्यही सत्ताधारी सदस्याइतकेच प्रश्न देऊ शकतो.

या हक्काचा बाजारही मांडला गेला, आणि तो फार लवकर मांडला गेला. १९५१ मध्ये हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुद्गल यांनी मुंबईच्या सराफांच्या संघटनेकडून, बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून, पैसे घेऊन तिच्या हिताचे प्रश्न विचारल्याचे चौकशीत ठरले आणि त्यांना जागा सोडावी लागली. डिसेंबर २००५ मध्ये छुप्या कॅमेऱ्यासमोर प्रश्नांसाठी पैसे स्वीकारणाऱ्या अकरा खासदारांची हकालपट्टी झाली; त्यांतले दोघे जळगाव जिल्ह्यातले होते. डिसेंबर २०२३ मध्ये तृणमूल काँग्रेसच्या महुआ मोईत्रा यांची खासदारकी प्रश्न नोंदवण्याच्या संकेतस्थळाचा परवलीचा शब्द दुसऱ्याला दिल्याच्या कारणावरून गेली. त्या प्रकरणात पैशाचा आरोप त्यांनी फेटाळला आणि विरोधकांनी ती सूडाची कारवाई ठरवली.

आता आणखी एक खोड लागली आहे, ती आकड्यांची. खासदाराने किती प्रश्न विचारले याची गणती माध्यमांत छापून येते, प्रगतिपुस्तकासारखी मतदारसंघात वाटली जाते, आणि सुप्रिया सुळे, श्रीरंग बारणे अशा महाराष्ट्रातील खासदारांची नावे त्या यादीत नेहमी वरच्या बाजूला असतात. मेहनत नाकारण्याचे कारण नाही. पण एकाच मजकुराचा प्रश्न पाच-सहा नावांनी दिला जातो तेव्हा प्रत्येकाच्या खात्यावर एक प्रश्न जमा होतो, आणि शासनाकडून निघालेली माहिती मात्र एकदाच निघते. गणती प्रश्नांची न करता उत्तरांची केली तर क्रम बराच बदलेल.

हक्क काढून घेण्याचे प्रसंगही आले. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी आणि पुन्हा आणीबाणीत प्रश्नोत्तराचा तास स्थगित झाला. जुलै १९७५ च्या अधिवेशनात तो नव्हता तेव्हा मधु लिमये व मधु दंडवते हे प्रश्न विचारण्यात तरबेज असलेले दोघेही तुरुंगात होते. सप्टेंबर २०२० मध्ये कोविडचे कारण देऊन तो रद्द केला गेला, लेखी उत्तरे तेवढी चालू राहिली. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतील १४६ विरोधी सदस्य निलंबित झाले, त्यांत सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हेही होते, आणि निलंबितांच्या नावावरचे प्रश्न यादीतून वगळण्यात आले.

२०२० च्या त्या अधिवेशनातील लेखी उत्तरांनी एक गोष्ट मात्र दाखवून दिली. टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले, या प्रश्नाला श्रम मंत्रालयाने पहिल्याच दिवशी उत्तर दिले की अशी आकडेवारी ठेवली जात नाही, आणि म्हणून भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. त्याच आठवड्यात तृणमूल काँग्रेसचे राज्यसभा सदस्य डेरेक ओब्रायन यांनी रेल्वे मंत्रालयाला श्रमिक विशेष गाड्यांमधील मृत्यूंविषयी विचारले, तेव्हा ९७ हा आकडा आला. विषय तोच होता. मंत्रालय वेगळे होते आणि व्याप्ती नेमकी होती.

गटारसफाईच्या बाबतीत हा फरक आणखी स्पष्ट दिसतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी लोकसभेत सांगितले की गेल्या पाच वर्षांत गटारे व सेप्टिक टाक्या साफ करताना ३४० जणांचा मृत्यू झाला. त्यांतले ३४ महाराष्ट्रातले होते. जुलैच्या अखेरीस राज्यसभेत मल्लिकार्जुन खर्गे आणि एल. हनुमंतय्या यांनी हाताने मैला साफ करण्यामुळे झालेल्या मृत्यूंविषयी विचारले, तेव्हा त्याच मंत्र्यांनी असा एकही मृत्यू नोंदला गेला नसल्याचे उत्तर दिले. दोन्ही उत्तरे कायद्याला धरून होती. २०१३ चा कायदा हाताने मैला उचलणे आणि गटारात उतरून केलेली धोकादायक सफाई या दोन गोष्टी वेगळ्या मानतो, आणि मंत्रालय ज्या गोष्टीबद्दल विचारले तेवढ्याच गोष्टीचा आकडा देते. बाहेर मात्र ‘एकही मृत्यू नाही’ एवढेच गेले आणि सफाई कामगारांच्या संघटना संतापल्या.

त्या संतापाचा उपयोग असा झाला की पुढच्या अधिवेशनांत प्रश्नांत दोन्ही प्रकार वेगवेगळे लिहिले जाऊ लागले : मृत्यू किती, भरपाई किती कुटुंबांना, गुन्हे किती नोंदले, सुरक्षा साधने दिली होती काय. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख ठरवलेली भरपाई ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने तीस लाखांवर नेली, त्यामुळे भरपाईचा उपप्रश्नही नव्याने विचारणे भाग झाले. जुलै २०२५ मध्ये सरकारने २०२२ आणि २०२३ मधील मृत्यूंच्या सामाजिक लेखापरीक्षणाची माहिती संसदेला दिली. तपासलेल्या ५४ मृत्यूंपैकी ४९ प्रकरणांत कामगाराच्या अंगावर कोणतेही सुरक्षा साधन नव्हते. २०२१ मध्ये ‘एकही नाही’ या उत्तरावर थांबलेला विषय आता सरकारच्याच कागदावर, मृत्यूच्या कारणासह, पटलावर ठेवलेला आहे.