क्युरी फेलोशिप: अर्ज पॅनेलपुढे जाण्याआधी कुठे अडतो आणि गेल्यावर त्याचं काय होतं

जुलै उजाडला की माझ्याकडे ड्राफ्ट यायला लागतात. पीएचडी झालेली, किंवा 'झालीच आता' म्हणणारी मुलंमुली. युरोपात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करायचंय, म्हणून युरोपीय संघाच्या मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपला अर्ज करायचाय. एवढं लांबलचक नाव कोणी घेत नाही, सगळे एमएससीए म्हणतात. बहुतेकांचं संशोधन चांगलं असतं, घोडं भलत्याच ठिकाणी पेंड खातं. त्या जागांबद्दलच इथे लिहिते. नियम २०२५ च्या फेरीचे आहेत. ते वर्षागणिक बदलतात, तेव्हा त्या त्या वर्षीची अर्जदारांची मार्गदर्शिका स्वतः वाचा, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका.

आधी गर्दीचा अंदाज घ्या. २०२४ मध्ये १०,३६० अर्ज आले आणि १,६९६ जणांची निवड झाली. २०२५ मध्ये अर्जांचा आकडा १७,०५८ वर गेला.

पोर्टलवर खातं उघडणं, पार्ट ए (माहितीचा ऑनलाइन फॉर्म) भरणं, बी-१ (मूळ प्रस्ताव) आणि बी-२ (सीव्ही वगैरे) या पीडीएफ चढवणं, यात अवघड काही नाही. फक्त एक लक्षात असू द्या. कागदोपत्री अर्जदार तुम्ही नसता, तुम्हाला घेणारी युरोपातली संस्था असते आणि मुख्य संपर्क तिथले सुपरवायझर. ऑगस्टमध्ये तिकडची निम्मी विद्यापीठं सुट्टीवर असतात. जूनमध्ये होकार देणारे प्राध्यापक ऑगस्टमध्ये मेलला उत्तर देत नाहीत म्हणून हवालदिल होण्यापेक्षा त्यांची सगळी कामं जुलैतच उरकून घ्या.

'सबमिट केलंय' म्हणजे पीएचडी नव्हे

अंतिम तारखेला पीएचडी हातात हवी. पदवीदान समारंभ झाला नसेल तरी चालतं, पण व्हायवा, म्हणजे थिसिसवरची मौखिक परीक्षा, यशस्वीपणे पार पडलेला हवा. आपल्याकडचा घोळ इथेच आहे. थिसिस जमा केल्यापासून व्हायवापर्यंत आपल्या विद्यापीठांत किती महिने जातील ते कोणीच सांगू शकत नाही. माझा थिसिस आठ महिने एका कपाटात पडून होता. बाहेरच्या परीक्षकाला तो पाठवलेलाच नव्हता, हे मी चौथ्यांदा चौकशीला गेले तेव्हा कळलं. त्या वर्षीची फेरी हुकली. म्हणून सांगते, सप्टेंबरचा अर्ज डोक्यात असेल तर परीक्षा विभागाच्या पायऱ्या जानेवारीपासून झिजवा.

व्हायवा झाला आणि विद्यापीठाचं पीएचडी दिल्याचं नोटिफिकेशन लटकलं, हा दुसरा प्रकार. अशा वेळी 'अमुक तारखेला मौखिक परीक्षा यशस्वीपणे पूर्ण झाली' असं विद्यापीठाच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी लिहून घ्या. असं पत्र द्यायची पद्धत नाही, असं उत्तर मिळेल. प्रोव्हिजनल प्रमाणपत्र मागा म्हणतील. तरी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात तारीख तुम्ही लिहिणार, पुरावा पुढे कधीही मागितला जाऊ शकतो.

पीएचडीला फार वर्षं होऊनही चालत नाही, मर्यादा आठ वर्षांची आहे. बाळंतपण, आजारपण किंवा संशोधनाबाहेरची नोकरी यांचा काळ त्यातून वजा होतो. भारतात संशोधनात घालवलेली वर्षं मात्र आपल्यासाठी वजा होत नाहीत. ती सवलत युरोपात परतणाऱ्या तिथल्या नागरिकांना आणि दीर्घकालीन रहिवाशांना आहे.

१२ महिने आणि ३६ महिने

ज्या देशात जायचंय तिथे अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत मिळून १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं किंवा काम-शिक्षण केलेलं चालत नाही. यात 'मिळून' हा शब्द महत्त्वाचा. जर्मनीत सहा महिन्यांची एक्स्चेंज, मग पाच महिने प्रोजेक्ट, मग पुन्हा चार, असे तुकडे असले तरी बेरीज होते आणि जर्मनीचं दार बंद होतं. शेजारच्या ऑस्ट्रियाचं उघडं असतं! राष्ट्रीयत्वाचा इथे संबंध नाही, देश मोजला जातो. पासपोर्टवरचे शिक्के समोर ठेवून महिने नव्हे, दिवस मोजा.

आणखी एक चूक दर वर्षी दिसते. फेलोशिपचे युरोपियन आणि ग्लोबल असे दोन प्रकार आहेत. आपण भारतातून जाणार म्हणजे 'ग्लोबल', असं समजून लोक तो पर्याय निवडतात. ग्लोबल म्हणजे युरोपातल्या माणसाने बाहेर जाऊन परत येणं. तुम्ही तिथले नागरिक किंवा दीर्घकालीन रहिवासी नसाल तर तुमच्यासाठी युरोपियनच.

वेळेचंही तसंच. मुदत ब्रुसेल्सच्या घड्याळाने संध्याकाळी पाच वाजेपर्यंत असते, म्हणजे सप्टेंबरात आपले रात्रीचे साडेआठ. 'त्या दिवशी रात्री बारापर्यंत' असं कुठेही लिहिलेलं नसतं. २०२४ ला अंतिम तारीख ११ सप्टेंबर होती, नेमका गौरीपूजनाचा दिवस. पुरणाचा स्वयंपाक उरकून रात्री नऊला लॅपटॉप उघडणारी एक गुणी मुलगी मला माहीत आहे. शेवटची प्रत गणपती बसण्याआधीच चढवून टाका. मुदत संपेपर्यंत ती हवी तितक्या वेळा बदलता येते.

पॅनेल काय बघतं

पॅनेल आठ आहेत: रसायन, सामाजिक व मानव्य, अर्थशास्त्र, माहिती व अभियांत्रिकी, पर्यावरण व भूविज्ञान, जीवविज्ञान, गणित, भौतिकी. तुमचा अर्ज कोणत्या पॅनेलकडे जाईल ते तुम्हीच ठरवता, आणि तो कोणाच्या हाती पडेल हे तुम्ही निवडलेल्या कीवर्डवरून बरंचसं ठरतं. समजा, कोणी सह्याद्रीतल्या सड्यांवरच्या वनस्पतींवर काम करतंय. भर वनस्पतीच्या जनुकांवर असेल तर जीवविज्ञान, सड्याच्या अधिवासावर असेल तर पर्यावरण. जात्यावरच्या ओव्यांच्या ध्वनिमुद्रणांवर अल्गोरिदम चालवणाऱ्याने ठरवावं, नवी गोष्ट ओवीबद्दल सांगायची आहे की अल्गोरिदमबद्दल. कीवर्ड शेवटच्या रात्री घाईत टाकले की अर्ज अशा परीक्षकाकडे जातो, ज्याला तुमचा प्रश्नच प्रश्न वाटत नाही.

प्रत्येक अर्ज किमान तीन परीक्षक वाचतात. आधी स्वतंत्रपणे, एकमेकांचं न बघता. मग चर्चा करून एकमताचा अहवाल बनतो आणि पॅनेलनिहाय क्रमवारी लागते. निकष तीन: संशोधनाच्या गुणवत्तेला ५० टक्के वजन, त्याच्या परिणामाला ३०, अंमलबजावणीला २०. प्रत्येक निकषाला पाचपैकी गुण. समजा ४.६, ४.२ आणि ४.० मिळाले. आपल्या परीक्षांच्या हिशेबात डिस्टिंक्शन, बेरीज ८७.२ टक्के, आणि तरी पैसे बहुधा नाहीत, कारण निवडीची रेघ सहसा नव्वदीत असते. लोक सगळी ताकद ५० टक्क्यांच्या भागावर लावतात आणि उरलेले ५० वाऱ्यावर सोडतात, त्याची ही किंमत.

परीक्षकांना सूचना असते की अर्ज जसा आहे तसा तपासा, थोडा सुधारला असता तर काय झालं असतं याचा विचार नको. 'ते समजून घेतील' हा आपला लाडका भरवसा इथे चालत नाही. बी-१ ला दहा पानांची मर्यादा आहे आणि अकरावं पान परीक्षकाला दिसतच नाही. अंमलबजावणी सर्वांत शेवटी येते, म्हणून बळी तिचाच जातो. संशोधनातल्या लिंगभावाच्या पैलूखाली नुसतं 'लागू नाही' लिहून मोकळं होऊ नका. का लागू नाही ते दोन वाक्यांत सांगा. ज्ञानाची देवाणघेवाण या भागात 'मी तिथे जाऊन शिकेन' एवढंच असतं. तुम्ही त्यांना काय शिकवणार? हा प्रश्न विचारला की आपली मुलं संकोचतात. संकोचू नका, त्यालाही गुण आहेत.

निकालानंतर

निकाल साधारण फेब्रुवारीत लागतो, सोबत परीक्षकांचा अहवाल येतो. ७० टक्क्यांच्या खाली गुण पडले असतील तर पुढच्या वर्षी त्याच संस्थेकडून अर्ज करता येत नाही. संस्था बदलून करता येतो. तेव्हा 'यंदा नुसता टाकून बघू' असं म्हणत चांगली संस्था वाया घालवू नका.

मूल्यमापनाच्या प्रक्रियेत चूक झाली असेल तर ३० दिवसांत फेरतपासणी मागता येते. पण 'परीक्षकाला माझं काम कळलं नाही' हे कारण तिथे चालत नाही, शास्त्रीय मताला आव्हान देता येत नाही. अहवालात अर्जाशी उघड विसंगत विधान असेल, म्हणजे पान सातवर असलेली गोष्ट 'दिलेली नाही' असं म्हटलं असेल, तर पान आणि परिच्छेद दाखवून लिहा.

तुमची संस्था पोर्तुगाल, पोलंड, चेकिया अशा, युरोपियन कमिशन ज्यांना 'वायडनिंग' (संशोधन-निधीत मागे असलेले) म्हणतं त्या देशांपैकी एकात असेल, तर अर्जात एराफेलोशिपची एक चौकट असते. ती टिक केली की मुख्य यादीत नाव न लागल्यास तोच अर्ज, त्याच गुणांवर, दुसऱ्या निधीसाठी विचारात घेतला जातो. वेगळा कागद लागत नाही. गेल्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका मुलाने ती चौकट 'उगाच कशाला' म्हणून रिकामी ठेवली होती. त्याला ९१ टक्के पडले आणि यादी त्याच्या वरच संपली.